आक्का, तू हरली नव्हतीस

आक्का, तुझ्या दहाव्याला तुमच्या बिल्डिंगमधली एक बाई माझ्याजवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "तुमची भाची पल्लवी सांगत होती, तुम्हा दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. जुळ्या होत्या का हो तुम्ही?" मला एकदम हसूच आलं. भर दहाव्याला. बायका बघायला लागल्या तसा मी पदर तोंडाला लावला, म्हणजे रडतेय असं वाटावं, आणि मग खरंच रडायला आलं.

त्या बाईला काय सांगणार? टेंभुर्णीच्या शाळेत त्या काळी आईबाप तारीख घेऊन यायचे नाहीत, लेकरू घेऊन यायचे. हेडमास्तर लेकराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला लावायचे. कान हाताला लागला की एक जून लिहून मोकळे. आपला अख्खा वर्ग एक जूनला जन्मला होता. तू माझ्यापेक्षा चांगली दोन वर्षांनी मोठी, पण माय कापूस वेचायला जायची आणि मला सांभाळायला तू घरी राहायचीस, म्हणून तुझं नाव शाळेत घालायचं राहूनच गेलं. मी शाळेजोगी झाले तेव्हा अण्णांनी दोघींना एकदमच नेलं. "दोघी बी बराबरच्या लिवा गुरुजी. संगं जातील, संगं येतील." गुरुजींनी तसंच लिहिलं. कागदावर मी तुझ्याएवढी झाले आणि तू माझ्याएवढी.

तू कुठली, कोणाची, मागे कोण कोण आहे, हे सगळं दाजींनी पेपरात छापून आणलंय. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी राहिलेलं भांडण करायचं आहे. सातवीत पळणारी तू नववीत आळशी झालीस, लठ्ठ झालीस, म्हणून मागे पडलीस, असं तू आयुष्यभर म्हणत आलीस. तसं झालं नव्हतं, असं मी म्हणत आले. तू ऐकलं नाहीस. आता तू गेलीस आणि तुझी पल्लवी नेमकी त्याच वयात येऊन उभी आहे. म्हणून हे भांडण सोडून देता येत नाही.

आपण सातवीत होतो तेव्हा जालना नवा नवा जिल्हा झाला होता. आता काहीतरी होणार असं गावात सगळ्यांना वाटत होतं, काय होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळेला मात्र खेळाचे सर मिळाले. साळवे सर. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि त्या बुटांना पाणी लागू नये म्हणून चिखलात ते हातात धरून चालायचे. आपण त्यांची नक्कल करायचो. त्यांना आल्या आल्या प्रत्येक लेकराची उंची आणि वजन हवं होतं. उंची शाळेच्या खांबावर खडूने झाली. वजनाला काटा कुठला आणायचा? मग सरांनी सगळा वर्ग रांगेत बाजारातल्या अडतीवर नेला. पोती मोजायच्या त्या काट्यावर आपण एकेक जण उभे राहायचो आणि मापाडी ज्वारीच्या पोत्याला लावायचा त्याच सुरात आपला आकडा ओरडायचा. "छत्तीस! उतर गं, पुढचं!" तो तुझा आकडा. माझा ऐकून तो म्हणाला होता, "हिच्यापरीस पोतं रिकामं तोललेलं बरं."

त्या वर्षी जाफराबादला तालुक्याच्या शर्यती झाल्या. तू परकर खोचून, अनवाणी पळालीस आणि पहिली आलीस. नुसती पहिली नाही, दुसरीच्या आणि तुझ्यामध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा होती. मी शेवटची. इतकी शेवटची की मी पोचले तेव्हा शेवटची दोरी धरणारा माणूस ती गुंडाळून चहाला निघाला होता. गावात लोक म्हणायला लागले, एका मायच्या पोटी एका दिवशी एक वाघीण आली आन् एक शेळी. तू त्यांच्याशी भांडलीस. टेंपोत परत येताना माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणालीस, "बारके, तुला मी शिकविते पळायला." आक्का, तू शिकवलंस. पहाटे ओढ्याच्या वाळूत मला पुढे पळवून मागून ढेकळं मारायचीस. आज माझ्या पोटात जो घास आहे तो त्या ढेकळांचा आहे.

साळवे सर त्या दिवशी हेडमास्तरांशी बोलत होते ते मी ऐकलं होतं. ते म्हणाले, "सर, ही मोठी हाये वयानं. अंगानं पुढं हाये म्हून पुढं आली. बाकीच्या पोरी अजून वाढायच्या हायेत. आज हाये तेवढीच पुढं उद्या ऱ्हाईल असं समजू नका." हेडमास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो, कागदावर बराबर हाये ना?" हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. पण जिंकून आलेल्या पोरीला असलं काही कोणी सांगत नाही. तिला हार घालतात.

मग नववी. सुट्टीनंतर तू शाळेत आलीस ती बाईच दिसायला लागली होतीस. उंची थांबली, अंग भरलं. मायने तुझी पोलकी उसवून सैल केली आणि ओढणी दिली. सरांनी पुन्हा सगळ्यांना अडतीवर नेलं. काट्यावर तू उभी राहिलीस आणि मापाडी ओरडला, "पन्नास!" आणि मग सवयीनं, अगदी प्रेमानं म्हणाला, "दाणा भरलाय बरं का यंदा!" अख्खा बाजार हसला. हमाल हसले, अडत्या हसला. साळवे सरसुद्धा हसले, कारण त्यांना ती चांगलीच बातमी वाटली होती. मला मात्र सरांचा आजही राग येतो. बाकी सगळं कळणाऱ्या त्या माणसाला हे कसं कळलं नाही, की पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं वजन बाजारात ओरडायचं नसतं?

तू काट्यावरून उतरलीस ती हळू, पायाखाली काहीतरी फुटेल अशी.

त्याच वर्षी जाफराबादच्या मैदानावर मी तुला मागे टाकलं. माझे पाय त्या पावसाळ्यात एकदम लांब झाले होते, परकर घोट्याच्या वर आला होता, आणि मलाच कळत नव्हतं हे कोणाचे पाय मी वापरतेय. वळणावर तुझा श्वास मला ऐकू आला. मग तो मागे राहिला. मी पहिली आले नाही, दुसरी आले. तू कितवी आलीस ते मला आठवत नाही असं मी तुला नेहमी सांगायचे. आठवतं. तू माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यास, हसून वाजवल्यास, आणि परतीच्या टेंपोत ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसलीस.

दुसऱ्या दिवशी सरांनी तुला बोलावलं. मीही गेले, कारण तू जाशील तिथे मी जायचेच. सर म्हणाले, "हे बघ पोरी, एक ज्वारी आधी पेरली, एक मागून पेरली. आधीची आधी वाढती, मागची मागून वाढती. एक दिवस दोन्ही बराबर दिसत्यात. मंग आधीची वाळली का? न्हाई ना?" मग त्यांनी सरळ सांगितलं. या वयात पोरीच्या अंगावर चरबी येते, यायलाच पाहिजे, ते अंगाचं काम आहे. वजन आधी वाढतं, आणि ते वजन उचलून पळायची ताकद पायांना मागून येते. एक-दोन वर्षं जड वाटेल. "तेवढ्यात पळणं सोडायचं न्हाई आन् जेवणं तर बिलकुल सोडायचं न्हाई. ही दोन वर्षं निघाली की तू ह्या समद्यांच्या पुढं."

सर एवढं सगळं बोलले आणि तू त्यातून एकच शब्द घरी घेऊन आलीस. चरबी.

त्या दिवसापासून तुझ्या ताटात अर्धी भाकर राहायला लागली. उरलेली अर्धी तू मायची नजर चुकवून माझ्या ताटात सरकवायचीस. "बारके, खा. तुला पळायचंय." मला भूक होतीच. त्या वर्षी मला काय खाऊ आणि किती खाऊ असं झालं होतं. मी खाल्ली. सकाळी तू कोऱ्या चहावर शाळेत यायचीस आणि दुपारी डोकं बाकावर टेकवायचीस. पहाटे ओढ्याला जायला उठायचीस, पण वाळूत चार पावलं पळालं की तुला चक्कर यायची. तू म्हणायचीस, "बघ, किती जड झालेय मी." आणि संध्याकाळी आणखी कमी जेवायचीस. मला तेव्हा हे उलटं चाललंय हे कळलं नाही. मायलाही कळलं नाही. तिला वाटलं, पोर समजूतदार झाली, खादाडपणा गेला.

मग मायनेच तुझं पळणं बंद केलं. साळवे सर घरी आले होते ते आठवतं? खाटेच्या कडेवर बसले, बूट काढून बाजूला ठेवले. माय दाराच्या आड उभी राहून बोलली.

"सर, गाव बघून ऱ्हायलंय. ती आता काय लहान ऱ्हायली का?"

"बाई, आताच तिला पळू द्यायला पाहिजे. आता थांबली की अंगात जी ताकद यायची ती यायचीच न्हाई. पुन्हा ही वेळ येत न्हाई."

"धाकलीला न्या ना. तिचं अंग अजून लेकरावानी हाये. तिला कोन्ही बघत न्हाई."

"मला दोघी पायजेत."

"एक नेतो म्हना, न्हाई तर ती बी न्हाई यायची."

सर बूट घालून उठले आणि मला घेऊन गेले. आक्का, कागदावर आपण एकाच दिवशी जन्मलो होतो, पण मला दोन वर्षं जास्त मिळाली ती अशी. माझं अंग मागून भरलं तोवर मी जिल्ह्याला जाऊन आले होते, शाळेच्या भिंतीवर माझं नाव लागलं होतं, आणि अण्णांना माझ्या पळण्याची सवय झाली होती. मलाही एक वर्ष जड गेलं. मीही त्या वर्षी मागे पडले. पण मी पळतच राहिले आणि जेवतच राहिले, आणि पुढच्या हिवाळ्यात पाय परत हलके झाले. सर म्हणाले होते अगदी तसं. फक्त ते ज्या पोरीला म्हणाले होते, ती तेव्हा लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईला सासरी चुलीपुढे बसली होती.

पुढे तुम्ही नवीन जालन्यात आलात, दाजींना बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. मी खेळाचीच शिक्षिका झाले आणि तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले. दर रविवारी तुझ्या ओट्याशी आपलं तेच भांडण. तू उभ्यानं जेवायचीस, सगळ्यांच्या मागून, पातेल्याला लागलेलं. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, आणि मधे एखादा वार मोकळा राहिला तर त्यालाही देव शोधायचीस. मी म्हणायचे, देवाला तुझ्या भाकरीचं काय करायचंय? तू म्हणायचीस, "तुला काय, तू पहिल्यापासून पळती. मही जातच आळशी. जरा खाल्लं की चढतं अंगावर." मी सांगायचे, अगं, आम्हाला कॉलेजात हे शिकवलंय, पुस्तकात आहे, तेव्हा तुझं काही चुकलं नव्हतं, तू मला हरली नव्हतीस, माझी दोन वर्षं मागून आली एवढंच. तू हसायचीस. "बारके, हरलेल्याची समजूत काढायला पुस्तकं कशाला लागत्यात?"

दोनदा तुला दिवस गेले, पण गर्भ टिकला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या रक्त नाही अंगात. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भूक लागते म्हणून तू त्या बंद केल्यास. मग कशीबशी पल्लवी झाली. तुझ्या अंगाचं इतकं कौतुक झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या सव्वा महिन्यात तू डिंकाचे लाडूसुद्धा खाल्लेस, आणि त्याबद्दल मी तुझ्या लेकीची कायमची ऋणी आहे.

माझ्या शाळेत तरी मी काय मोठे दिवे लावतेय म्हणा. पोरं ऑटोत कोंबून येतात आणि ऑटोत कोंबून जातात. एक मुलगा आहे, अंगानं दांडगा. रस्सीखेचीत दोघांना ओढून नेतो, पण आडव्या बारला लटकवलं तर स्वतःचं अंग त्याला क्षणभर पेलत नाही. खाली पडतो आणि पोरं त्याला हत्ती म्हणतात. तो आता पोट दुखतं सांगून वर्गात बसतो, म्हणजे आणखी जड होणार. वस्तीवरची एक मुलगी आहे. पाण्याचे हंडे उचलून तिची पकड अशी की माझा हात दुखतो, पण मैदानाच्या दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसते, कारण सकाळपासून पोटात काही नसतं. एकाला जास्त, एकीला कमी, आणि पुरी ताकद दोघांत नाही. मी आईबापांना बोलावते. एकजण म्हणतो, बाई, उन्हात नेऊ नका. दुसरीची आई येतच नाही, तिची मजुरी बुडते. दहावीच्या वर्गाचा माझा तास गणिताला दिलाय. मी वजनं घेते ती दार लावून, एकेकाला आत बोलावून, आकडा कानात सांगते. साळवे सरांकडून मी एवढं एक उलटं शिकले. तेवढ्यानं कोणाचं काही भलं झालेलं दिसत नाही.

शेवटी तुला साध्या तापानं गाठलं. जो दुसरं माणूस चार दिवसांत झटकून उठतं, तसल्या. दवाखान्यात नर्सनं तुला काट्यावर उभं केलं, मी तुझा दंड धरला होता. तू वाकून आकडा पाहिलास, आणि आक्का, तुझा चेहरा उजळला. एवढा ताप अंगात असून उजळला. म्हणालीस, "बारके, छत्तीस! बघ, सातवीत व्हते तेवढी झाले."

रविवारचं सगळं भांडण, सगळी पुस्तकं, ज्वारी, सगळं बाजूला ठेवून मी तुला काट्यावरून उतरवलं. तू इतकी खूश होतीस. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले की हे आजचं नाही, वर्षानुवर्षं शरीर रिकामं होत आलंय, आता लढायला आत काही शिल्लक नाही. रक्त चढवलं. ते तुझ्या अंगात नीट मुरायच्या आधीच तू गेलीस.

मला तुझा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मग कोणावर रागावू? मायवर? ती आता कोणाला ओळखत नाही, तुझं नाव घेऊन मला हाक मारते. सरांवर? ते केव्हाच गेले. त्या मापाड्याला तर आठवतही नसेल की त्यानं एका पोरीला कधी काही म्हटलं होतं. तू सगळ्यांना माफ केलंस आणि सगळा दोष एकट्या स्वतःच्या अंगाला लावलास. ते अंग किती चांगलं होतं गं. ओढ्याच्या वाळूत माझ्यामागे धावणारं ते अंग मला अजून दिसतं. त्याच्याएवढं काही मी पुढे मैदानावर पाहिलं नाही, आणि मी इतकी वर्षं मैदानावरच आहे.

पल्लवीचं अंग यंदा भरतंय. परवा मी तिला गच्चीवर घेऊन गेले आणि सरांनी तुला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, माझ्या शब्दांत, नीट, चरबी हा शब्द सुद्धा न वापरता. ती ऐकत होती. तुझ्यासारखीच मान खाली घालून. मग म्हणाली, "मावशी, तू पहिल्यापासून बारीक होतीस ना, तुला न्हाई कळायचं." दाजींना म्हटलं, हिला माझ्याकडे राहू द्या दोन वर्षं, माझ्यासंगं मैदानावर येईल, माझ्यासंगं जेवेल. दाजी वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. ते रडले. म्हणाले, "ती गेली तर मला भाकर कोन टाकून दील?"

काल सोमवार होता. मी सकाळी डबा घेऊन गेले तर पल्लवी अंघोळ करून तुझ्या देवापुढे बसली होती. तुझे सोळा सोमवार अर्ध्यात राहिलेत, ते ती पुरे करणार आहे. मग गुरुवारही. गावाहून आलेल्या तुझ्या सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. भेटायला आलेल्या बिल्डिंगमधल्या बायका दारात उभ्या होत्या. पोरीनं कोऱ्या चहाचा कप तोंडाला लावला. मी डबा उघडला आणि म्हटलं, पल्लवी, आधी खा. सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले होते. मी डबा बंद केला. मग एकजण डोळे पुसत म्हणाली, "गुणाची गं पोर, अगदी आईवर गेली."